जाऊबाई आणि अकरा नंबरचं टोक

आमच्या घरात आकर्षक म्हणायची ती मी. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतेय, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघत बसले तर जन्म जायचा. उंची, नाक, केस, सगळं जिथल्या तिथे. माझ्या लग्नातले फोटो पाहून दोन मावसनणंदा आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या. आणि माझ्या मोठ्या जाऊबाई? बुटक्या, पुढच्या दातांत फट, एक डोळा किंचित तिरळा, आणि कपाटातून जे हाताला लागेल ते अंगावर.

तरी माणसं जायची ती त्यांच्याकडेच! माझ्याच लग्नात, माझ्याच शेजारी, फोटो काढायला आलेले लोक फोटो झाल्यावर माझी चौकशी न करता जाऊबाईंभोवती कोंडाळं करून बसले होते. एकदा नळ दुरुस्त करायला माणूस आला. दार मी उघडलं, गळका नळ मी दाखवला, चहा मी केला. आणि त्यानं काम संपल्यावर दीड तास ओट्याशी उभं राहून स्वतःच्या सासऱ्याची कर्मकहाणी सांगितली ती जाऊबाईंना. त्या भांडी पुसत होत्या आणि मध्ये मध्ये "मग?" म्हणत होत्या. बस्स, एवढंच. "मग?" मीही घरी आरशासमोर म्हणून पाहिलं. माझ्या तोंडून ते पोलिसानं विचारल्यासारखं येतं.

आम्ही दोघी एकाच कारखान्यात कामाला. लहान बाळांची झबली शिवायचा कारखाना. चाळीस शिलाई मशीन, मधोमध कटिंगचं लांबलचक लाकडी टेबल, इस्त्रीची चार टेबलं आणि मागच्या दाराशी पॅकिंग, जिथून खोकी गाडीत चढतात. मी आधी इस्त्रीला होते. जाऊबाई सुयांच्या टेबलावर.

सुयांचं टेबल म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच झालं. शिवताना सुई तुटते. रोज पाच-सहा तरी तुटतात. मोठ्या माणसांच्या कपड्यांत एखादा तुकडा राहिला तर तो माणूस शिव्या देतो आणि काढून टाकतो. तान्ह्या बाळाला शिव्या देता येत नाहीत. म्हणून आमच्याकडे नियम असा की सुई तुटली की मशीन बंद. सगळे तुकडे गोळा करून जाऊबाईंकडे न्यायचे. त्या भिंगाखाली तुकडे जोडून बघणार, पूर्ण सुई झाली तर रजिस्टरमध्ये चिकटपट्टीखाली लावणार, वेळ लिहिणार, कोणाच्या मशीनवर तुटली ते लिहिणार, सही करणार. मगच नवी सुई. तुकडा मिळाला नाही तर त्या मशीनवरचं चोवीस झबल्यांचं बंडल जागच्या जागी अडकवून ठेवायचं, तुकडा मिळेपर्यंत.

हे टेबल त्यांनी स्वतः मागून घेतलं होतं. चौदा वर्षांपूर्वी त्या मशीनवर बसायच्या. त्या वेळी एका गिऱ्हाइकाकडून एक पाकीट परत आलं. त्यात एक झबलं, झबल्यात सुईचं टोक, आणि सोबत एका बाळाच्या मानेचा फोटो. झबलं जाऊबाईंनी शिवलेलं नव्हतं. पण पाकीट त्यांच्या हातानं उघडलं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, मला शिवायचं नाही, मला सुया बघायच्यात. तेव्हापासून त्यांच्या गळ्यात एक लोहचुंबक. दोरीला बांधलेला, बिस्किटाएवढा, काळा. दिवसभर तो गळ्यात घेऊन त्या मशीनमधून फिरतात आणि जमिनीवर, टेबलावर, कोणाच्या मांडीवर पडलेलं लोखंडाचं जे काय असेल ते उचलतात.

आणि त्या फिरायला लागल्या की काय विचारता! ज्या मशीनपाशी थांबतील तिथली बाई काहीतरी सांगायलाच लागते. कोणाचा नवरा, कोणाची गुडघेदुखी, कोणाच्या मुलाचा दहावा नंबर. कटिंग मास्तर म्हणजे खवचटपणाचं आगर, तोही त्यांच्यापुढे मऊ. इस्त्रीवाले काका तर रोज डब्यातला पहिला घास खायच्या आधी जाऊबाई बसल्यात का ते बघतात. मला हे सगळं बघून जळायला व्हायचं. लपवत नाही. पोटात दुखायचं माझ्या.

त्यात ती तपासणीची बाई आली. परदेशी गिऱ्हाइकाकडून आलेली, हातात फाइल, पायात कापडी बूट. दोन दिवस कारखानाभर फिरली. तिला आमची भाषा येत नव्हती आणि आम्हाला तिची. तरी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बघते तर ती जाऊबाईंच्या शेजारी बसून मोबाइलमधले स्वतःच्या कुत्र्याचे फोटो दाखवतेय, आणि जाऊबाई आपल्या "मग?" म्हणताहेत. जाताना ती मॅनेजर साहेबांना काहीतरी म्हणाली. साहेबांनी आम्हाला सांगितलं, "त्या म्हणतात, या ताई मॅग्नेटिक आहेत."

इस्त्रीवाले काका म्हणाले, "म्हणजे यांच्याजवळ घड्याळ ठेवायचं नाही का?"

जाऊबाईंनी गळ्यातल्या चुंबकाला हात लावला. "त्यांना सांगा, हा कारखान्याचा आहे. घरी जाताना मी जमा करते."

सगळे खो खो हसले. मी घरी आल्यावर लेकीला शब्दकोशात बघायला लावलं. तिनं वाचून दाखवलं. एक अर्थ, लोखंड ओढून घेणारं. दुसरा अर्थ, माणसं ओढून घेणारं. मी म्हटलं, "आणि दिसायला छान असणारं, असा काही तिसरा अर्थ?" लेक म्हणाली, "आई, तो शब्द वेगळा." दोन्ही शब्द वेगवेगळ्या पानांवर होते म्हणे. मी ताट जरा आपटूनच ठेवलं.

आता मुद्द्यावर येते. मला पॅकिंगची सुपरवायझर केलं होतं, पण तात्पुरतं. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "बाराशे झबल्यांची ही पहिली गाडी चारच्या ठोक्याला निघाली तर तू पक्की. नाहीतर परत इस्त्रीवर." तीन आठवडे मी डोळ्यांत तेल घालून काम केलं. गळ्यात शिट्टी अडकवली. (शिट्टीची गरज नव्हती, पण मला आवडायची.) मला ती जागा हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्यासाठी माझा जीव तुटत होता! आयुष्यात एकदा तरी लोकांनी माझ्याकडे यावं, मला विचारावं, माझ्या होकारावर थांबावं, असं वाटत होतं. खरं सांगायचं तर सुपरवायझर झाल्यापासून मी दिसले की बायका घाईघाईनं बाथरूमला जायच्या.

गाडीचा दिवस उजाडला. पन्नास खोकी, एकेका खोक्यात चोवीस झबली. सकाळी अकरा वाजता, पुन्हा आलेल्या तपासणीच्या बाईनं जाऊबाईंना जुनी रजिस्टरं घेऊन वरच्या ऑफिसात बोलावलं. जाताना त्यांनी सुयांच्या कपाटाची किल्ली सांभाळायला माझ्या हातात दिली. "सुई तुटली तर मला हाक मार. तू काही करू नकोस. नुसती हाक मार."

अकरा वीसला सुई तुटली. तुटली ती एक्सप्रेसच्या मशीनवर. एक्सप्रेस म्हणजे आमची सगळ्यात वेगवान शिवणारी, तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू येतं. सुईचे तीन तुकडे झाले. बूड मशीनमध्ये अडकलेलं मिळालं, मधला तुकडा तिच्या मांडीवर मिळाला. टोक कुठेच नाही. आम्ही दोघींनी गुडघ्यांवर बसून जमीन पालथी घातली. मशीनवर शिवण सरळ जायला प्रत्येकीकडे एक छोटा चुंबक असतो, तो तिनं काढला आणि आम्ही तो फरशीवरून, पायडलवरून, कचऱ्यातून फिरवला, बंडलावरूनही घाईत एकदा वरवर फिरवला. चिंध्या, धागे, एक हेअरपिन. टोक नाही.

हाक मारायची होती. नुसती हाक! जिन्याच्या तोंडाशी उभं राहून "जाऊबाई" एवढं म्हटलं असतं की झालं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढे काय आलं, तर ते अडकलेलं बंडल. चोवीस झबली कमी म्हणजे एक खोकं कमी. एक खोकं कमी म्हणजे गाडी निघणार नाही. आणि गाडी निघाली नाही म्हणजे मी परत वाफेत उभी.

मी किल्ली लावली, कपाटातून एक नवी सुई घेतली आणि पकडीनं तिचं टोक कट्कन तोडलं.

एक्सप्रेस माझ्याकडे बघतच राहिली. "ताईंना कळलं तर?"

"कसं कळेल? टोक ते टोक."

"आणि झबल्यात असेल तर?"

"नसेल गं! फरशीच्या फटीत गेलं असेल. मशीन चालू कर."

तिन्ही तुकडे मी रजिस्टरमध्ये चिकटपट्टीखाली लावले. वेळ लिहिली. नवी सुई एक्सप्रेसनं स्वतःच आपल्या नंबरच्या डबीतून उचलली. बंडल पुढे गेलं, बटणाला गेलं, इस्त्रीला गेलं, वेगवेगळ्या हातांतून फिरलं आणि माझ्याच खोक्यांत इतर झबल्यांत मिसळून बसलं. आता ती चोवीस झबली कोणती हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मी शिट्टी वाजवत राहिले.

दोन वाजता जाऊबाई खाली आल्या. पाणी प्यायल्या आणि सवयीनं सकाळचं पान भिंगाखाली घेतलं. मी तिरक्या नजरेनं बघत होते. त्या वाकल्या. दिव्याखाली पान फिरवलं. पुन्हा वाकल्या. मग रजिस्टर उचलून सरळ माझ्याकडे चालत आल्या.

"हे टोक चौदा नंबरच्या सुईचं आहे," त्या म्हणाल्या. "एक्सप्रेसच्या मशीनला अकरा नंबर लागते."

चौदा नंबर जाड. अकरा नंबर बारीक. दहा वर्षं कारखान्यात काढून मी घाईघाईत चुकीच्या डबीत हात घातला होता! टोक ते टोक म्हणे. मी एका खोक्याला उगाचच दुसऱ्यांदा टेप लावायला लागले.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, नेहमीच्या त्या किंचित तिरक्या डोळ्यानं. मग त्या वळल्या आणि साहेबांकडे गेल्या. "गाडी थांबवा. एक टोक हरवलंय, रजिस्टरमध्ये लावलेलं खोटं आहे. या बाराशे झबल्यांत असू शकतं."

साहेब धावत खाली आले. त्यांचा चेहरा लालबुंद, पण आवाज अगदी हळू, कारण वर तपासणीची बाई बसलेली. "ताई, वेड लागलंय का? दोन तास राहिलेत! तुकडा जमिनीवर पडला असेल."

"असेल," जाऊबाई म्हणाल्या. "मग जमिनीवर दाखवा."

साहेबांना तोंडात मारल्यासारखं झालं. "हे खोटं टोक लावलं कोणी? आधी ते सांगा!"

"ते नंतर. आधी टोक."

"मी सांगतो तुम्हाला, एकही बाई मशीन सोडणार नाही. पुढची ऑर्डर थांबवून मी हे होऊ देणार नाही. तुम्हाला शोधायचं तर तुम्ही एकट्या शोधा."

"बरं," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी खरंच एक खोकं उचललं. ते कटिंगच्या लाकडी टेबलावर नेलं, टेप फाडली आणि पहिलं झबलं बाहेर काढलं. ते सपाट पसरलं. गळ्यातला चुंबक बोटभर वर धरून हळूहळू फिरवायला लागल्या. त्या झबल्यांना टिचबटणं पितळेची, पितळेला चुंबक विचारत नाही. पण लोखंडाचा कण असला तर कापडच वर उचललं जातं. एक झबलं झालं. घडी घातली. दुसरं घेतलं. बाराशेपैकी दोन. चाळीस मशीनच्या आवाजात त्या टेबलापाशी एकट्या उभ्या होत्या, आणि मला रडू फुटेल असं वाटत होतं. तरी मी जागची हलले नाही. लाज वाटते सांगायला, पण मी घड्याळ बघत होते.

तेवढ्यात आवाज आला. टक.

एक्सप्रेसनं आपल्या मशीनवरचा चुंबक ओढून काढला होता. ती उठली, साहेबांच्या समोरून चालत गेली आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. मग तिच्या मागच्या मशीनवरून टक. मग खिडकीजवळून. टक, टक. मग एकदम सगळीकडून! चाळीस बायका आपापल्या मशीनच्या लोखंडावरून चुंबक उपटून काढत होत्या आणि मशीनं एकामागून एक गप्प होत होती. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. जाऊबाईंनी तर मान वर करूनसुद्धा पाहिलं नव्हतं. बायका येत गेल्या आणि टेबलाभोवती खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या.

"अहो, हे काय चाललंय?" साहेब ओरडले. "जागेवर बसा!"

कोणी बसलं नाही. कटिंग मास्तर खोकी फोडायला लागला. इस्त्रीवाले काका म्हणाले, "माझ्याकडे चुंबक नाही, पण घडी माझ्यासारखी कोणाला येत नाही," आणि तपासलेली झबली घडी घालून रचायला लागले. गेटवरचा गार्ड आला. मागच्या दाराशी गाडीचा ड्रायव्हर विडी ओढत उभा होता, त्यानं "काय हरवलंय?" विचारलं, आणि ऐकल्यावर विडी विझवून, हात धुऊन तोही आला. हात धुवायला त्याला कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

मग काय तो गोंधळ सुरू झाला! पसरा, फिरवा, उलटं करा, बाही बघा, पुढचं द्या! "पाचवं खोकं झालं!" "बारावं झालं!" कोणाचा चुंबक दुसरीच्या चुंबकाला जाऊन चिकटला की दोघी एकमेकींना ओढत हसायच्या. कोणीतरी ओरडलं, "सापडलं!" आणि सगळ्या तिकडे धावल्या, तर ती स्वतःच्या केसांतली पिन. तिला मास्तरनं असं काही ऐकवलं की तिनं केस सोडूनच काम सुरू केलं. साहेब आधी कपाळाला हात लावून उभे होते. मग पंधराव्या खोक्याला त्यांनीही बाह्या दुमडल्या. ते घडी फार वाईट घालतात. काकांनी त्यांच्या हातातून झबलं काढून घेतलं.

मी एकटी बाजूला. माझं काम काय, तर तपासलेली झबली परत खोक्यांत भरणं. तीन वाजले. पंचवीस खोकी. सव्वातीन. तीस. मला एकदम भीती वाटली की ते खरंच फरशीच्या फटीत असेल आणि आपण बाराशे झबली उगाच उलगडतोय. आणि मग त्याहून मोठी भीती वाटली, की ते फटीत नसेल. की ते झबल्यात असेल आणि मी ते माझ्या हातानं, माझी टेप लावून, कोणाच्या तरी लेकराच्या मानेशी पाठवत होते. माझी लेक तान्ही असताना झबलं घालताना मान कशी सांभाळायची मी!

जाऊबाई माझ्यापाशी आल्या. गळ्यातली दोरी काढली आणि तो काळा चुंबक माझ्या हातात ठेवला.

"भरायला काका आहेत. तू धर हा. गळपट्टीपासून सुरुवात कर, एक्सप्रेस गळपट्टीच लावते."

किती गरम होता तो! दिवसभर त्यांच्या अंगाला लागून. मी टेबलाशी जागा केली. एक झबलं, दुसरं, दहावं. गळपट्टी, गळपट्टी, गळपट्टी. छत्तीस खोकी. साडेतीन. चाळीस खोकी. पावणेचार. एक्केचाळिसावं खोकं मास्तरनं माझ्यापुढे ओतलं. मी एक पिवळं झबलं ओढलं, पाठीवर चुंबक फिरवला, काही नाही. गळ्याशी आणला.

कापड हललं.

आधी वाटलं, वारा. चुंबक बाजूला नेला, पुन्हा आणला. गळपट्टीच्या आत, लेबलाच्या घडीपाशी, कापड मुंगीएवढं वर उचललं गेलं आणि माझ्या हाताच्या मागे मागे आलं. मी डावीकडे नेला, ते डावीकडे आलं. उजवीकडे नेला, उजवीकडे!

"जाऊबाई!" मी अशी किंचाळले की ड्रायव्हरच्या हातातलं खोकं पडलं. "जाऊबाई, हे बघा! आहे! आहे इथं!"

सगळ्या माझ्यावर कोसळल्या. जाऊबाईंनी बारीक कात्रीनं दोन टाके उसवले. चिमट्यानं काढलेलं टोक पांढऱ्या कागदावर ठेवलं. चार मिलिमीटर असेल. जिथं बाळाच्या मानेची मागची घडी येते, बरोबर तिथं उभं रुतून बसलं होतं. त्यांनी रजिस्टर उघडलं, माझं खोटं टोक पट्टीसकट सोलून बाजूला काढलं आणि खरं जागेवर सरकवलं. भिंग धरलं.

"जुळलं."

जो काही ओरडा झाला! एक्सप्रेस रडत होती, दोघी-तिघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, काकांनी घडी घातलेली झबली हवेत उडवली आणि मग स्वतःच शिव्या देत गोळा केली. माझा जीव भांड्यात पडला. मी नाचत होते. खरंच, चुंबक हातात धरून नाचत होते, आणि दोन मिनिटं मला कसलीच आठवण नव्हती.

मग सगळं शांत झालं. आवाज ऐकून तपासणीची बाई खाली आली होती, जिन्यावर उभी होती. साहेबांनी बाह्या खाली केल्या. "आता सांगा," ते म्हणाले. "खोटं टोक कोणी लावलं?"

चाळीस बायकांना एकदम आपापल्या नखांत काहीतरी दिसायला लागलं. एक्सप्रेसनं ओठ घट्ट मिटले. तिनं सांगितलं नसतं, मला माहीत आहे. जाऊबाई पेन उघडून रजिस्टरपाशी बसल्या होत्या. नुसत्या माझ्याकडे बघून त्यांनी भुवई जराशी उचलली. त्यांचा तो "मग?" मला आवाजाशिवाय ऐकू आला.

"मी," मी म्हटलं. "मी लावलं. गाडी चारला निघावी म्हणून. एक्सप्रेसचा दोष नाही, ती नको म्हणत होती."

मला वाटलं होतं, घरची म्हणून त्या सांभाळून घेतील, निदान जरा मऊ करून लिहितील. कुठलं! त्यांनी माझं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं, पुढे 'खोटं टोक लावलं' असं लिहिलं. मग शेवटच्या रकान्यात, जिथं टोक कोणाला सापडलं ते लिहितात, तिथंही माझंच नाव लिहिलं, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. साहेबांपुढे पान सरकवलं.

"उद्यापासून इस्त्री," साहेब मला म्हणाले. "पॅकिंगला मी दुसरं कोणीतरी बघतो."

माहीत होतं. मी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली.

"इस्त्रीला नको," जाऊबाई म्हणाल्या. "हिला माझ्या टेबलावर द्या."

"सुयांच्या टेबलावर? हिला?"

"खोटं टोक कसं लावतात ते या कारखान्यात हिच्याएवढं कोणाला माहीत आहे? दुसऱ्या कोणी लावलं तर ही लांबून ओळखेल."

आधी काका हसले, मग मास्तर, मग सगळेच. मीसुद्धा हसले, नाक पुसत पुसत. साहेबांनी जिन्यावरच्या बाईकडे पाहिलं, रजिस्टरकडे पाहिलं, आणि हात झटकून म्हणाले, "तुमचं टेबल, तुमचा जीव."

राहिलेली नऊ खोकीही तपासायची, असं जाऊबाईंनी ठरवलं, सुईचा एखादा आणखी कपचा उडाला असेल म्हणून. कोणी कुरकुरलं नाही. गाडी पाच वाजून दहा मिनिटांनी निघाली. ड्रायव्हरनं गेटमधून जाताना हॉर्न वाजवला तो जाऊबाईंसाठी. यावेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

बायका गेल्यावर आम्ही दोघीच मागे राहिलो. टेबलावर चिंध्या, टेपचे तुकडे, फाटलेले पुठ्ठे. मी विचारलं, "जाऊबाई, तुम्हाला दोन वाजताच कळलं होतं ना, मीच केलं ते?"

"किल्ली तुझ्याकडेच होती की गं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? साहेब विचारत होते ना?"

त्या पुठ्ठे उचलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तेव्हा सांगितलं असतं तर सगळे तुझ्यामागे लागले असते. टोकामागे कोण लागलं असतं?"

आणि त्या टेबलाच्या डाव्या बाजूनं चिंध्या गोळा करायला लागल्या. मी उजव्या बाजूनं सुरुवात केली.